पुलावर सांगितलेलं घर

जळगाव स्टेशनात दोन रेल्वे नांदतात. एक मुंबईहून भुसावळकडे जाणारी सेंट्रल, दुसरी सुरतेहून तापीच्या काठाकाठाने येणारी वेस्टर्न. एकाच घरात दोन जावा नांदाव्यात तशा. पाण्याचा हौद एक, पण चुली वेगळ्या. सेंट्रलच्या फलाटावर डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या. सुरत लाईनीवर तेव्हा तारा नव्हत्या, कोळशाचं इंजिन यायचं आणि उतरणाऱ्यांच्या डोळ्यांत कण जायचे. या दोघींना जोडणारा जो पूल होता, तो कोणत्या रेल्वेचा हे प्रवाशांना ठाऊक नव्हतं. ते विचारायचं कारणही कुणाला पडलं नव्हतं. द्रौपदाबाईच्या सासर-माहेराला मात्र पडलं.

द्रौपदाबाईचं सासर पाचोऱ्याजवळचं, म्हणजे सेंट्रलवरचं. माहेर दोंडाईच्याकडचं, म्हणजे सुरत लाईनीवरचं. सासरी ती द्रौपदा, माहेरी धुरपा. एकोणऐंशी साली लग्न झालं आणि पुढच्या आखाजीला तिचा भाऊ हिलाल मुऱ्हाळी म्हणून तिला न्यायला आला. खानदेशात लेकीला दिवाळीपेक्षा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. आंब्याच्या फांदीला झोका, खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि सासरचं तोंड न बघता काढायचे ते दिवस. द्रौपदाबाईने आदल्या दिवसापासून गाठोडं बांधून ठेवलं होतं.

घोळ झाला तो जेवणावरून. तिच्या माहेरी रीत अशी, की लेकीच्या पोटी मूल येईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. तिच्या सासरची रीत अशी, की मुऱ्हाळ्याने पोटभर जेवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दोन्ही रीती चांगल्या, दोन्ही मानाच्या; फक्त त्या एका ओट्यावर समोरासमोर आल्या. सासरे तोताराम आबा यांनी भावकीतले चार जण पंगतीला बोलावले होते. सासू लग्नाआधीच गेलेली, त्यामुळे सगळा स्वयंपाक द्रौपदाबाईनेच केला होता. भावाला आवडतं म्हणून वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर पुरणपोळी. आणि वीस वर्षांच्या हिलालने आईने बजावलं होतं तसं केलं. ताटावर बसला नाही. ओट्यावर पाय खाली सोडून पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला, आणि जळगाव स्टेशनच्या नळाचं भरून आणलेलं पाणी घटाघटा प्यायला.

पंगतीतल्या कुणीतरी म्हटलं, "आबा, पाहुणा विहिरीला शिवत नाही वाटतं तुमच्या."

झालं. आबा ताटावरून उठले. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते, म्हणूनच त्यांचा शब्द मागे फिरत नसे. ज्याला आमचं पाणी चालत नाही त्याने आमच्या दारात येऊ नये, आणि घरात दुसरी बाई नसताना सून चार रात्री बाहेर पाठवायला आम्हालाही जमणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हिलालही तरणाताठा. त्याने तांब्याची फिरकी घट्ट लावली आणि आल्या पावली परत गेला. द्रौपदाबाईने संध्याकाळी गाठोडं सोडलं आणि लुगडी परत पेटीत ठेवली.

दोन्हीकडच्या नात्यातले रुपचंद नाना मध्ये पडले म्हणून निदान एवढं तरी ठरलं: आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आबांनी सुनेला सकाळच्या पॅसेंजरने जळगावला आणावं, हिलालने आईला सुरत लाईनीने आणावं, मायलेकींनी भेटावं, आणि संध्याकाळची चूल पेटायच्या आत सून घरी यावी. पण भेटायचं कुठे? आबा म्हणाले, मी त्यांच्या फलाटावर जाणार नाही. हिलालनेही उलट निरोप पाठवला, की मीही त्यांच्या फलाटावर पाय ठेवणार नाही. जणू दोघांना आपापल्या रेल्वेने सरपंच नेमलं होतं. नानांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "मग बायांनी पुलावर भेटावं, पूल कोणाच्याच बापाचा नाही."

असं ते सुरू झालं. वर्षातून एकदा.

आबा सेंट्रलच्या फलाटावर बाकावर बसत, पुलाकडे पाठ करून. हिलाल सुरत लाईनीच्या फलाटावर वजनकाट्याला टेकून उभा राही. आणि वर, जिना जिथे पुलाला मिळतो तिथल्या पत्र्याच्या सावलीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत येणार नाही अशा कोपऱ्यात, द्रौपदाबाई आणि तिची आई तानुबाई पोतं अंथरून बसत. तानुबाईच्या लुगड्याला मिरच्यांचा वास असे. त्यांच्या वावरात मिरची व्हायची आणि ती खुडून, वाळवून, निवडून तिच्या बोटांतून तो वास कधी गेलाच नाही. द्रौपदाबाई आधी तो वासच घेई. मग बोलणं.

सासरी ती गिरणाकाठचं बोलायला शिकली होती. तिच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' आलं की दीर हसायचे. पुलाच्या जिन्यावर मात्र पायरीगणिक तिची जीभ सुटत जाई. आई समोर दिसली की पहिला शब्द माहेरचाच पडे.

तानुबाईने मुलीचं घर पाहिलेलं नव्हतं. लग्न माहेरच्या मांडवात झालं, मग रीत आडवी आली, मग भांडण. त्यामुळे पहिल्याच वर्षी, पोळीचा तुकडा लेकीच्या हातावर ठेवता ठेवता तिने विचारलं, "तुनी चूल कोठे शे, धुरपा? धूर लागस का डोयाले?"

चूल मागच्या खोलीत होती. तिथे खिडकी नव्हती. पलीकडे चुलत सासरे पुना यांचा गोठा, मधली भिंत सामायिक. भर दुपारी चिमणी लावल्याशिवाय डब्यातलं मीठ की साखर ते कळत नसे, आणि पावसाळ्यात ओली लाकडं धुमसली की द्रौपदाबाई भाकरी टाकून दारात येऊन खोकत बसे. हे सगळं तिच्या ओठांवर आलं. पण तिने आईकडे पाहिलं. आई एवढ्या लांबून, कोळशाचे कण डोळ्यांत घेऊन, परक्या जिन्यावर बसून, हातातला तुकडा तसाच धरून उत्तराची वाट बघत होती.

"नही व माय," ती म्हणाली. "खिडकी शे ना."

तानुबाईने सुटकेचा श्वास सोडला. ते बघून द्रौपदाबाईला इतकं बरं वाटलं, की तिने खिडकीसमोर एक निंबही लावला. निंबाखाली एक म्हैस बांधली.

खरं बोललेलं विसरता येतं. खोटं वर्षभर सांभाळावं लागतं. दुसऱ्या वर्षी आईने बसल्या बसल्या विचारलं, ती म्हैस व्याली का? द्रौपदाबाईने पारडू झालं म्हणून सांगितलं. तिसऱ्या वर्षी ओसरीवर झोपाळा आला, चौथ्या वर्षी न्हाणीत नळ. नळ तिने फार विचार न करता सांगितला होता, कारण त्या वर्षी विहिरीचा दोर ओढून तिच्या हातांना घट्टे पडले होते आणि आईने ते पाहिले होते. घट्टे आधीचे आहेत, आता नळ आला, असं तिने सांगून टाकलं. भेटीच्या आदल्या दिवशी ती शिकेकाईने दोनदा केस धुवायची. केसांतला धूर आईच्या नाकाला लागू नये म्हणून.

ती खोटारडी बाई नव्हती. सासरी तिच्या शब्दावर दुकानदार उधार देत. पण पुलावर ती जे सांगे ते सांगताना तिलाही ते दिसत असे. पुढे पुढे तर घरी, त्या अंधाऱ्या खोलीत भाकरी थापताना, ती कधी कधी भिंतीकडे बघे आणि तिथे उजेड असता तर तो परातीवर कसा पडला असता, हे तिला नीट कळे. नवरा लीलाधर चांगला होता, मारत नव्हता, पीत नव्हता. पण खिडकीचं म्हटलं की तो म्हणे, "धूर काय तुलाच लागतो? आईनं जन्म काढला त्याच खोलीत."

आईने त्याच खोलीत जन्म काढला होता आणि खोकूनच गेली होती. ते द्रौपदाबाईने बोलून दाखवलं नाही.

खाणं मात्र पुलावरून आबांच्या फलाटावरही उतरे. तानुबाई खापरावरच्या पोळ्या आणी, कुरडया आणी, आणि त्यातल्या दोन पोळ्या वेगळ्या फडक्यात बांधून म्हणे, तुझ्या सासऱ्यांना नेऊन दे. पहिल्या वर्षी द्रौपदाबाई घाबरतच खाली गेली होती. आबांनी फडकं सोडलं, पोळी हातावर घेऊन तिचा पातळपणा पाहिला आणि खाल्ली. पूर्ण खाल्ली. मग हात झटकत म्हणाले, "तुमचं आम्हाला चालतं, सूनबाई. आमचंच तुम्हाला चालत नाही."

हे ते दरवर्षी म्हणत. पण पोळी दरवर्षी खात.

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर बेबी झाली. सहा वर्षं भावकीतल्या बाया जे काही बोलल्या ते इथे लिहीत नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. बेबी झाली आणि माहेरची रीत सुटली. त्या आखाजीला द्रौपदाबाईने पुलावर डबा नेला. कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत. तानुबाईने नातीला मांडीवर घेतलं, मग भाकरीचा तुकडा मोडला आणि पहिल्यांदा लेकीच्या हातचं खाल्लं. डबा पुसून खाल्ल्यावर एवढंच म्हणाली, की मीठ माझ्यासारखंच टाकते. हिलालनेही खाली वजनकाट्याजवळ उभ्याउभ्या त्यातलं खाल्लं. आता खरं तर भांडण मिटायला हवं होतं. पण भांडणाचं कारण संपलं म्हणजे भांडण संपतं असं नाही. आबांनी बोलावल्याशिवाय हिलाल जाणार नव्हता, आणि आधी हिलालने विचारल्याशिवाय आबा बोलावणार नव्हते. पुलावर माणसं जात-येत राहिली.

त्याच सुमाराला तानुबाईने खिडकीचं माप मागितलं. किती वीत रुंद, किती वीत उंच. द्रौपदाबाईने हवेतच वितींनी मोजून दाखवलं. पुढच्या वर्षी आईने काचेच्या मण्यांचं तोरण आणलं, हिरवे राघू आणि मध्ये तांबडी फुलं. हिवाळाभर मिरच्यांच्या कामातून उठून ओवलं होतं. द्रौपदाबाईने ते घरी नेऊन पेटीत, लग्नाच्या शालूखाली ठेवलं.

नव्वद सालच्या आखाजीला आबा गाडीत बेबीशेजारी बसले होते. म्हसावद मागे पडल्यावर त्यांनी बेबीला खिडकीशी सरकवलं आणि सुनेकडे न बघता बोलू लागले. गेल्या वर्षी बाकावर बसल्या बसल्या त्यांची मान एकदा वळली होती म्हणे. विहीणबाई जिना उतरताना दिसल्या. एक पायरी उतरायच्या, कठडा धरून थांबायच्या, मग दुसरी.

"त्यांना सांग," आबा म्हणाले, "आता आमच्याकडंच या म्हणावं. आठ दिवस राहा. हिलाललाही सांग. जिन्यावर बसायचं वय राहिलं नाही कुणाचं."

दहा वर्षं द्रौपदाबाईने देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. आई आपल्या दारात उतरेल, आपण तिच्या पायांवर पाणी घालू, हे तिने इतक्यांदा मनात केलं होतं, की उंबऱ्याजवळ तांब्या कुठे ठेवायचा तेही ठरलेलं होतं. ती नुसतं "हो आबा" म्हणाली. शिरसोलीपर्यंत तिला खिडकी आठवलीच नाही. मग आठवली.

पुलावर आई आधीच येऊन बसली होती. गुडघ्यांना कसलंसं तेल लावलेलं, त्याचा वास मिरच्यांच्या वासावर चढलेला. बेबीला पोटाशी धरून तिने पहिलं हेच विचारलं, की तोरण लावलं का? द्रौपदाबाई म्हणाली, लावलं. कसं दिसतं?

"सकाळना उजेड मणीसमाईन येस," द्रौपदाबाई म्हणाली. "भीतवर हिरवं, तांबडं पडस."

तानुबाईने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की खालून गाडीची शिट्टी झाली तरी तिने ते उघडले नाहीत. मग ती आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, रोज भाकरी करताना मी तुझ्या घरात एक चक्कर मारून येते. ओसरी, झोपाळा, न्हाणी, खिडकी. म्हशीला हात लावते आणि परत येते.

बोलावणं द्रौपदाबाईच्या जिभेवर होतं. खाली एका बाजूला आबा बसले होते, दुसऱ्या बाजूला हिलाल उभा होता, आणि इकडचा शब्द तिकडे जायला तिच्या तोंडाशिवाय दुसरी वाट नव्हती. सांगितलं तर आई आजच उठेल, गुडघे विसरून उठेल. पाचोऱ्याला उतरेल, त्या खोलीच्या दारात उभी राहील, आणि अंधारात डोळे फाडून खिडकी शोधेल. एक वर्ष, द्रौपदाबाईने मनाशी म्हटलं. एक वर्ष मिळालं तर मी भिंत फोडून घेते. झोपाळ्याचं काय, कड्या टांगता येतात. नळाचं सांगू, की बंद पडला. फक्त एक वर्ष.

तिने आईला आंब्याच्या लोणच्याबद्दल विचारलं.

परतीच्या गाडीत आबांनी लगेच विचारलं नाही. पाचोरा जवळ आल्यावर म्हणाले, "काय म्हणाल्या?"

"पुढच्या आखाजीला येते म्हणाली."

"म्हणजे या वर्षी नाही," आबा म्हणाले, आणि धोतराचा सोगा झटकून उठले.

घरी आल्यावर तिला दिसलं. पुढच्या खोलीतल्या बाजेला नवी सुंभाची दोरी विणलेली होती. गडी म्हणाला, आबांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, पाहुणे येणार म्हणून. आबांनी ती बाज स्वतःच्या हाताने उभी करून भिंतीला टेकवली. नंतर ती तशीच राहिली.

द्रौपदाबाईने ते वर्ष खिडकीमागे घालवलं. लीलाधरच्या मागे लागली, आणि या खेपेला तो हसला नाही, कारण बायकोला एवढं हट्टाला पेटलेलं त्याने पाहिलं नव्हतं. तो पुनाकाकांकडे गेला. काकांनी सांगितलं, सामायिक भिंत आहे, आज खिडकी मागाल, उद्या दार मागाल. मग द्रौपदाबाई काकूकडे गेली. काकूचे पापड लाटून दिले, शेवया करून दिल्या, तिच्या सुनेच्या बाळंतपणात रोज दोन घागरी गरम पाणी पोचवलं. दिवाळीनंतर काकूचं मन वळलं. काकांनी कापूस घरात आला की बघू म्हणून सांगितलं. 'बघू' म्हणजे हो, असं द्रौपदाबाईने धरलं आणि वितींनी भिंतीवर कोळशाने चौकट आखली. आईला पुलावर दाखवलं होतं तेवढीच.

पौषात सकाळच्या गाडीने दोंडाईच्याकडचा माणूस निरोप घेऊन आला. तानुबाईला दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी उठलीच नाही.

आबांनी स्वतःहून धोतर बदललं. लीलाधर, द्रौपदाबाई, बेबी आणि आबा जळगावला उतरले आणि आबा पूल चढले. लेकाने हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या जिन्याने ते सुरत लाईनीच्या फलाटावर उतरले तेव्हा तिथे कोणी ते बघायला नव्हतं. हिलाल गावाकडे चितेच्या लाकडांच्या खटपटीत होता. द्रौपदाबाई पत्र्याखालच्या कोपऱ्यावरून गेली. तिथे कुणीतरी केळ्यांची टोपली ठेवून बसलं होतं.

दहा वर्षांनी ती माहेरच्या ओट्यावर चढली. आई उंबऱ्यात नव्हती, एवढं सोडलं तर बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. दहनाला ती पोचली नाही. आईच्या हातांचा मिरच्यांचा वास येतो का, म्हणून तिने तिचं सूप नाकाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया भेटायला आल्या. रडून झालं, आणि मग तानुबाई जिवंत असतानाचं बोलणं निघालं. शेजारची द्वारकाकाकू म्हणाली, तुझ्या घराचं ती इतकं सांगायची, की आम्हाला वाटायचं आम्हीच राहून आलोय. निंबाखालची म्हैस कशी आहे गं? दुसरीने झोपाळ्याचं विचारलं. तिसरी तोरणाचे मणी ओवताना तानुबाईसोबत बसली होती, तिला त्या खिडकीची मापं अजून पाठ होती. द्रौपदाबाईने गुडघ्यांत घातलेलं डोकं वर काढलं आणि सांगितलं, खिडकी नाही. झोपाळा नाही, म्हैस नाही. मी तिला खोटंच सांगत होते.

मग द्वारकाकाकूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ दे बाई," ती म्हणाली. "दुःखमा माणूस काहीबी बोलस." आणि त्या पुन्हा खिडकीबद्दल बोलू लागल्या.

बाहेर ओट्यावर पुरुष बसले होते. द्रौपदाबाई पाण्याचे पेले घेऊन दारात आली, तेव्हा आबा हिलालशी बोलत होते. दहा वर्षांत पहिल्यांदा. ते म्हणत होते, "गेल्या आखाजीला आम्ही बोलावणं पाठवलं होतं. आल्या असत्या विहीणबाई, तर बरं झालं असतं. मनाला लागून राहिलं."

हिलालने मान वर केली. बोलावणं हा शब्द तो पहिल्यांदा ऐकत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर कुणालाही वाचता आलं असतं. त्याने दाराकडे बघितलं. द्रौपदाबाईने नजर पेल्यांकडे वळवली.

"हो आबा," हिलाल म्हणाला. "पोचलं होतं बोलावणं. तिच्या गुडघ्यांनी घात केला."

आबांनी पाणी घेतलं आणि प्यायले. म्हणाले, "तू तरी ये आता. या आखाजीला ये. दारातून ने बहिणीला."

दुपारी परसात मिरच्या पसरलेल्या होत्या. हिलाल तिथे आला आणि बहिणीजवळ उकिडवा बसला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने एवढंच विचारलं, की मायला का सांगितलं नाहीस? तिने सांगितलं. खिडकीचं सगळं, पहिल्या वर्षापासून. एक वर्ष हवं होतं, भिंतीवर चौकट आखून झाली होती, कापूस घरात यायचा होता.

हिलालने एक मिरची उचलली, तिचं देठ मोडलं, दुसरी उचलली.

"मायले काय खिडकी देखानी व्हती, धुरपा?" तो म्हणाला.

तिनेही एक मिरची उचलली. ते दोघं मिरच्यांची देठं मोडत बसले.

आखाजीला हिलालने सकाळी आईच्या नावाची घागर भरली, तिच्यावर आंबा आणि पुरणपोळी ठेवून नैवेद्य दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी तो पाचोऱ्याला उतरला. आबा गाडी जुंपून स्टेशनवर गेले होते. उभी करून ठेवलेली बाज ओसरीवर टाकली होती. द्रौपदाबाईने भावाच्या पायांवर पाणी घातलं. गल्लीतल्या बाया आपापल्या दारांतून बघत होत्या. आज कुणी टोमणा मारला नाही.

आबा म्हणाले, पाहुण्यांना ओसरीवर वाढ, आत धूर आहे. हिलाल म्हणाला, नाही आबा, मी आतच बसतो.

तो वाकून मागच्या खोलीत आला. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे त्याला आधी काहीच दिसेना. भिंतीला हात लावून तो पाटावर बसला. पुनाकाकांनी कापूस आल्यावर बघितलं नव्हतं, आणि द्रौपदाबाईनेही पुन्हा विचारलं नव्हतं. ती चुलीशी भाकरी थापत होती. लाकूड धुमसलं आणि हिलाल खोकला; तिने फुंकणीने फुंकलं, जाळ झाला, आणि त्या उजेडात खोली दिसली. काजळी धरलेलं आढं. शिंकाळं. भिंतीवरची पुसट झालेली कोळशाची रेघ. पिठाचा डबा, मिठाची बरणी, कोपऱ्यात बेबीची पाटी.

तो ताटातलं खात होता आणि मान वळवून वळवून एकेक गोष्ट बघत होता. चूल कुठल्या तोंडाची आहे, दार कुठे आहे, भांडी कुठे ठेवते, पाणी कुठून आणते. काही विचारत नव्हता. नीट ध्यानात ठेवून बघत होता, घरी जाऊन मायला सगळं सांगायचं असावं तसं. मध्येच तो थांबला. घास हातातच राहिला. द्रौपदाबाईने ते पाहिलं आणि त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.